दंतसिरॅमिक : रंग व प्रकाशगुण

सिरॅमिकच्या दाताचा रंग केवळ रंगद्रव्याने ठरत नाही. आत शिरलेला प्रकाश किती झिरपतो आणि किती विखुरतो, यावर त्याचा जिवंतपणा अवलंबून असतो.

लिथियम डायसिलिकेट या दंतसिरॅमिकमधल्या स्फटिकांचा अपवर्तनांक भोवतालच्या काचेच्या जवळ, सुमारे १.५, म्हणून ते पारभासी. झिर्कोनिया या दुसऱ्या सिरॅमिकचा सुमारे २.२, म्हणून त्यात प्रकाश अधिक विखुरतो. ते मजबूत खरे, पण समोरच्या दाताला जरा खडूसारखे वाटते.

छटा ए१ ते डी४ अशा १६ नमुन्यांच्या पट्टीवर जुळवतात. रायपूरचे शासकीय दंत महाविद्यालय असो वा गल्लीतला दवाखाना, ट्यूबलाइटखाली जुळलेली छटा उन्हात वेगळी दिसू शकते: हाच मेटामेरिझम.

नैसर्गिक दात अतिनील प्रकाशात निळसर चमकतो. ती चमक आणण्यासाठी सिरॅमिकमध्ये पूर्वी चक्क युरेनियम घालत. आता विरल मृदा मूलद्रव्यांची संयुगे वापरतात.