विषारी मुळाचे औषध: सिचुआनमधील फूझ आणि जुनाट वेदनेवरील चिनी उपचार

जुनाट सांधेदुखी, थंडीत आखडणारी कंबर, वर्षानुवर्षे न हटणारा हातापायांचा गारठा आणि दीर्घ आजारामागून येणारी अशक्तता यांवर चिनी वैद्यकाने गेली दोन हजार वर्षे ज्या वनस्पती वापरल्या, त्यांत सर्वांत मानाचे आणि त्याच वेळी सर्वांत धोक्याचे स्थान बचनागाच्या कुळातील एका रोपाच्या मुळाला मिळाले. निळ्या-जांभळ्या, टोपीसारख्या फुलांच्या या रोपाच्या मुख्य मुळाला चिनी भाषेत ‘वूथौ’ म्हणतात आणि त्या मुळाच्या कुशीला दरवर्षी फुगणाऱ्या उपमुळांना ‘फूझ’ असे नाव आहे. दोन्ही कच्च्या स्थितीत जीवघेणी असूनही सिचुआन प्रांतात ती शेतात लावली गेली, बाजारात विकली गेली आणि घरोघरच्या काढ्यांत उकळली गेली. या मुळाला औषधपण आले ते शेतकरी, मुळावर संस्कार करणारे कारागीर, मात्रा ठरवणारे वैद्य आणि काढा करणारे घरचे माणूस या चौघांच्या शिस्तीमुळे, आणि यांपैकी एकाचीही शिस्त सुटली की तेच मूळ पुन्हा विष झाले, असे फूझचा इतिहास सांगतो.

या मुळाच्या दोन्ही बाजू चीनला फार लवकर कळल्या होत्या. हूनान प्रांतातील मावांगदुई येथे इ. स. पूर्व १६८ मध्ये बंद झालेल्या एका थडग्यातून रेशमावर लिहिलेले जे वैद्यकीय लेखन मिळाले, त्यातील उपचारांत याच कुळातील मुळांचा उल्लेख आहे. त्यानंतर शंभर वर्षे उलटण्याच्या आत, इ. स. पूर्व ७१ मध्ये, हान सम्राट श्वान याची पत्नी शू हिला बाळंतपणानंतर एका स्त्रीवैद्याकरवी फूझ घालून ठार केल्याची नोंद हान घराण्याच्या इतिहासग्रंथात आढळते. हान काळाच्या सुमारास संकलित झालेल्या ‘शननोंग बनत्साव जिंग’ या आद्य निघंटूत ३६५ औषधे तीन वर्गांत मांडली आहेत: आयुष्य वाढवणारी वरच्या वर्गात, शरीर सावरणारी मधल्या वर्गात आणि रोगावर हल्ला करणारी, म्हणून बहुधा विषारी व फार काळ घेऊ नयेत अशी खालच्या वर्गात. फूझ या शेवटच्या वर्गात बसवले गेले. विषारी म्हणून त्याला वगळले नाही आणि गुणकारी म्हणून त्याचे विष झाकलेही नाही. पुढच्या सर्व व्यवहाराचा पाया या स्पष्ट नोंदीने घातला.

जुनाट वेदनेचा चिनी वैद्यकातील विचार ‘बी’ या संकल्पनेभोवती उभा आहे. वारा, थंडी आणि ओल ही तीन बाह्य कारणे एकत्र येऊन शरीरातील प्राणशक्ती व रक्त यांचा मार्ग अडवतात आणि त्या अवरोधातून दुखणे जन्मते, असे ‘ह्वांगदी नेजिंग’ या प्राचीन ग्रंथाच्या एका स्वतंत्र प्रकरणात मांडले आहे. वारा प्रबळ असेल तर दुखणे एका सांध्यातून दुसऱ्यात फिरते, थंडी प्रबळ असेल तर ते तीव्र होते, आणि ओल प्रबळ असेल तर ते एकाच जागी जड होऊन बसते, असे त्याचे तीन प्रकार होत. आमवात आणि संधिवात यांत भेद करणाऱ्या भारतीय वाचकाला ही विचाराची पद्धत अनोळखी वाटणार नाही. यांपैकी थंडीच्या वेदनेवर जे उष्ण औषध हवे, ते वैद्यांना फूझ आणि वूथौमध्ये सापडले.

दुसऱ्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेला वैद्य जांग जोंगजिंग याने या मुळांचा वापर नियमांत बांधला. हातपाय वाकवता किंवा ताठ करता येऊ नयेत इतके सांधे आखडलेल्या रोग्यासाठी त्याने जो वूथौचा काढा सांगितला, त्यात मूळ आधी मधात घालून मध निम्मा होईपर्यंत आटवायचे, मग मूळ बाहेर काढून टाकायचे आणि तो मध इतर वनस्पतींच्या काढ्यात मिसळायचा, अशी कृती आहे. थंडीमुळे उठणाऱ्या पोटशुळावरील दुसऱ्या एका योगात मात्रा थोड्यापासून सुरू करून बेताने वाढवायची, आणि रोग्याला मद्य चढल्यासारखे वाटू लागले की औषध लागू पडले असे समजायचे, असा निर्देश आहे. औषधाचा गुण आणि विषाची पहिली खूण येथे एकमेकांना जवळजवळ चिकटून उभी आहेत, त्यामुळे वैद्याने रोग्याजवळ बसून त्याच्याकडे पाहत राहणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

अर्थात जुनाट दुखण्यावर केवळ प्रखर औषध पुरत नाही, हेही या परंपरेने ओळखले. सातव्या शतकातील वैद्य सुन सिम्याव याने कंबर आणि गुडघ्यांच्या दीर्घ दुखण्यासाठी जो पंधरा द्रव्यांचा काढा नोंदवला, त्यात वारा व ओल हटवणाऱ्या वनस्पतींच्या जोडीला जिनसेंगसारखी बळ देणारी, रक्त पोसणारी आणि मूत्रपिंडाची शक्ती भरून काढणारी द्रव्ये आहेत, पण फूझ नाही. दुखणे जुने झाले की शरीर झिजते आणि झिजलेल्या शरीरावर नुसता हल्ला केला तर रोगाआधी रोगीच खचतो, असा त्यामागचा विचार होता. तीक्ष्ण औषधाने मार्ग मोकळा करायचा आणि सौम्य औषधांनी बळ टिकवायचे, अशा या दोन हातांनी चिनी वैद्य जुनाट रोग्याला वर्षानुवर्षे सांभाळत आले.

हे मूळ पिकत कसे होते, याचे सर्वांत तपशीलवार वर्णन सोंग राजवटीत, अकराव्या शतकाच्या अखेरीस, यांग त्येनहुई या लेखकाने करून ठेवले. सिचुआनमधील जांगमिंग हा तालुका, म्हणजे आजच्या ज्यांगयौ शहराचा परिसर, त्याच्या लेखनाचा विषय आहे. त्याच्या नोंदीप्रमाणे तालुक्यातील चारच विभागांत फूझ पिके, तेथील जमिनीचे दहा भाग केले तर पाच भागांत भात, तीन भागांत कडधान्ये व भरडधान्ये आणि उरलेल्या दोन भागांत फूझ असे, आणि चारही विभाग मिळून वर्षाला १,६०,००० जिनांहून अधिक, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे १०० टन, माल निघे. या शेताला इतर शेतांच्या दहापट मेहनत लागे. बियाण्याची मुळे तालुक्यात न धरता भोवतालच्या डोंगराळ भागांतून आणली जात. ही रीत आजही टिकून आहे: थंड उंचावर वाढवलेली रोपमुळे हिवाळ्यात सपाटीवरील सुपीक मातीत लावली जातात, आणि वसंतात शेतकरी प्रत्येक रोपाच्या बुडाची माती हलकेच बाजूला सारून बारीक उपमुळे खुडून टाकतो, मोजकी जोमदार उपमुळे ठेवतो आणि माती पुन्हा लोटतो, म्हणजे रोपाची सारी ताकद त्या मोजक्या मुळांत उतरते.

यांगचे वर्णन शेताच्या बांधावर थांबत नाही. काढलेली मुळे आंबवणीच्या शिरक्यात घालून बंद खोलीत महिनाभर झाकून ठेवत, मग बाहेर काढून ऊन आणि वारा देत सावकाश वाळवत. आंबवणीतून निघताना मुठीएवढे दिसणारे मूळ पुरते वाळले की मुठीतही भरत नसे. बियाणे उत्तम असून रोप खुरटावे, रोप डेरेदार असून मूळ पोकळ निघावे, आंबवताना माल कुजावा किंवा वाळवताना आक्रसून जावा, असे इतक्या वेळा घडे की शेतकरी काढणीपूर्वी देवाला नवस बोलत आणि या औषधाला कोणी पछाडले आहे असे मानत. विक्रीतही प्रतवारी होती: शेन्शीकडचे व्यापारी हलका माल उचलत, फुज्यान आणि जज्यांगकडचे मध्यम माल नेत, आणि सर्वांत मोठी मुळे अधिकारी व धनिक यांच्या घरी जात. आकारासाठी पैसा ओतणाऱ्या या श्रीमंतांना यांगने स्पष्ट सांगितले आहे की अर्धा ल्यांग, म्हणजे सुमारे २० ग्रॅम, वजनाचे मूळही उत्तमच असते. नऊशे वर्षांपूर्वीच्या बाजारात औषधाचा गुण आणि त्याची प्रतिष्ठा यांची गल्लत होत होती, आणि एक जाणकार ती दुरुस्त करत होता.

मुळावरील संस्काराला चिनी भाषेत ‘पावजी’ म्हणतात. भाजणे, वाफवणे, भिजवणे, शिरक्यात किंवा मधात मुरवणे अशा ज्या कृतींनी कच्चे द्रव्य औषधाच्या योग्यतेला येते, त्या सर्वांना मिळून हे नाव आहे. पुढच्या काळात फूझसाठी शिरक्याची जागा मिठागराच्या पाण्याने घेतली. सिचुआनमध्ये खोल विहिरींतून खारे पाणी उपसून मीठ करण्याचा धंदा प्राचीन आहे, आणि मीठ काढून घेतल्यावर मागे राहणारा कडवट क्षार नाशवंत मुळाला टिकवण्याच्या कामी आला. काळ्या चकत्यांचा प्रकार करताना ताजी मुळे त्या क्षाराच्या पाण्यात कित्येक दिवस भिजवतात, आतपर्यंत शिजवतात, धुऊन त्यांच्या सालीसकट उभ्या चकत्या कापतात, पुन्हा भिजवतात, तांबड्या साखरेच्या व मोहरीवर्गीय तेलाच्या पाकाने त्यांना दाट चहासारखा रंग आणतात आणि मग चकतीवर तेलकट तकाकी येईपर्यंत वाफवून वाळवतात. पांढऱ्या प्रकारात साल काढून पातळ चकत्या करतात आणि रंग देत नाहीत. संस्कार पुरा झाला की नाही हे पाहण्याची कसोटी जीभ ही आहे. चकतीचा तुकडा चाखल्यावर जीभ बधिर होता कामा नये.

सोंग काळातच या औषधांना राजाश्रयाचा मोठा हात लागला. १०७६ मध्ये काइफंग या राजधानीत सरकारी औषधालय सुरू झाले आणि पुढे त्याच्या योगांचा अधिकृत संग्रह प्रसिद्ध झाला. हातापायांच्या जुनाट दुखण्यावरची ‘ह्वोलुओ’ नावाची गोळी या संग्रहात आहे; तिच्यात दोन प्रकारच्या वूथौबरोबर गांडूळ, एक विषारी कंद, ऊद आणि हिराबोळ अशी द्रव्ये पडतात. ऊद आणि हिराबोळ यांचा उगम अरबस्तान व आफ्रिकेच्या किनाऱ्यांवरचा, म्हणजे सिचुआनच्या शेतातील मूळ आणि हिंदी महासागर ओलांडून आलेला डिंक एकाच गोळीत येत होते. तयार गोळीमुळे रोग्याला कच्चे विषारी मूळ हाताळण्याची गरज उरली नाही, आणि आजही ही गोळी चिनी औषधालयांत विकली जाते.

सोळाव्या शतकात ली शिजेन याने १,८९२ द्रव्यांचा ‘बनत्साव गांगमू’ हा महाग्रंथ रचताना यांगची नोंद आपल्या लेखनात सामावून घेतली. फूझ किती द्यावे यावर मात्र वैद्यांत एकमत नव्हते. एकोणिसाव्या शतकात चंगदूमध्ये जंग चिनआन या वैद्याने शरीरातील ऊब हेच आरोग्याचे मूळ मानून फूझसारख्या उष्ण औषधांचा सढळ वापर केला, आणि त्याच्या परंपरेला ‘अग्निदेवाचा पंथ’ असे नाव पडले. या पंथातील वैद्य इतरांना धक्का बसेल अशी मात्रा देत, पण ती देताना फूझ इतर द्रव्यांच्या आधी, स्वतंत्र आणि दीर्घकाळ उकळण्याबद्दल ते काटेकोर असत.

या उकळण्यामागचे कारण आधुनिक रसायनशास्त्राने उलगडले. कच्च्या मुळातील ॲकोनिटिन हे अल्कलॉइड हृदयाच्या आणि मज्जातंतूंच्या पेशींतील सोडियमचे मार्ग उघडेच ठेवते, त्यामुळे ओठ-जीभ बधिर होणे, उलट्या आणि शेवटी हृदयाची लय बिघडणे असा क्रम लागतो, आणि माणूस दगावायला काही मिलिग्रॅम पुरतात. पाण्यात दीर्घकाळ उकळल्यावर या रेणूचे विघटन होऊन कितीतरी पटींनी कमी विषारी द्रव्ये बनतात. वेदना कमी करण्याचा गुणही याच रसायनवर्गात आहे: युन्नानमधील एका भगिनी वनस्पतीपासून वेगळे केलेले बुलेयाकोनिटिन हे द्रव्य १९८० च्या दशकापासून चीनमध्ये जुनाट वेदनेवर वापरले जाते. तरीही विषबाधा थांबलेल्या नाहीत. युन्नानमध्ये हिवाळ्यात शरीरात ऊब राहावी म्हणून ही मुळे मांसाबरोबर तासन्‌तास शिजवून खाण्याची प्रथा आहे, आणि शिजवण्यात कसूर झाली की घरेच्या घरे आजारी पडतात. हाँगकाँगमध्येही कमी उकळलेल्या काढ्यांमुळे रोगी दगावले, आणि कायद्याने कच्ची मुळे विषारी द्रव्यांच्या यादीत घालून त्यांच्या विक्रीवर निर्बंध आणले.

हा अनुभव मराठी वाचकाच्या घरापासून फार दूरचा नाही. आयुर्वेदात बचनाग, म्हणजे वत्सनाभ, वापरण्यापूर्वी त्याचे तुकडे गोमूत्रात भिजवून रोज गोमूत्र बदलत उन्हात ठेवतात; या कृतीला शोधन म्हणतात आणि त्रिभुवनकीर्तीसारख्या परिचित औषधात असाच शुद्ध केलेला बचनाग असतो. हिमालयाच्या दोन्ही अंगांना, वेगवेगळ्या द्रव्यांनी आणि वेगवेगळ्या सिद्धान्तांच्या आधाराने, एकाच कुळातील विषारी मुळावर संस्कार करण्याची विद्या जोपासली गेली.

जडीबुटीचे औषध निसर्गातले, म्हणून निरुपद्रवी, हा आज जुनाट आजारांनी गांजलेल्या माणसांच्या मनात रुजलेला समज फूझच्या इतिहासापुढे टिकत नाही. ज्या परंपरेच्या नावावर हा समज खपवला जातो, तिने स्वतः हे मूळ विषारी द्रव्यांच्या वर्गात लिहिले होते, त्याच्यासाठी मध, शिरका, क्षार आणि वाफ यांचे संस्कार शोधले होते आणि काढा उकळण्याच्या वेळेचाही नियम घातला होता. वर्षानुवर्षे वेदना सोसणाऱ्या रोग्याला दिलासा देण्याची तळमळ आणि त्याला आपल्याच हातून इजा होईल याची धास्ती या दोन्ही गोष्टी त्या नियमांत एकत्र आहेत. म्हणून अशा औषधाचा वारसा सांगणाऱ्याने मुळाबरोबर ते नियमही स्वीकारले पाहिजेत, आणि मूळ कोणत्या शेतातून आले, त्यावर कोणता संस्कार झाला, मात्रा कोणी ठरवली आणि ते किती वेळ उकळले, या चारही प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय रोग्याने ते ओठाला लावता कामा नये.