ओल्या दगडावर पाय का घसरत नाही? थायलंडच्या ‘चिकट’ धबधब्यावरची अर्ध्या दिवसाची चढाई

धबधब्याच्या ओल्या दगडावर पाय ठेवू नये, हे महाराष्ट्रात लहान मुलांनाही ठाऊक असते. उत्तर थायलंडमध्ये मात्र एका धबधब्यावर लोक वाहत्या पाण्यातून अनवाणी चढतात आणि तेही खालून वर. त्यांत शाळकरी मुले असतात तसे साठी उलटलेले पर्यटकही असतात. बुआ तोंग नावाच्या या धबधब्याला पर्यटक ‘स्टिकी वॉटरफॉल’, म्हणजे चिकट धबधबा म्हणतात. चिआंग माई शहरातून मार्गदर्शकासह अर्ध्या दिवसात ही सहल होते. हा दगड इतरांपेक्षा वेगळा का आहे, चढाई कशी होते आणि तिथला अनुभव आपल्याकडच्या धबधब्यांवर का लागू होत नाही, हे पाहू.

बुआ तोंग धबधबा कुठे आहे?

चिआंग माई हे उत्तर थायलंडमधले सर्वांत मोठे शहर. त्याच्या उत्तरेला साधारण ६० किलोमीटरवर, माए तेंग जिल्ह्यातल्या जंगलात हा धबधबा आहे. फ्राओ गावाकडे जाणाऱ्या रस्त्याने तिथे पोहोचायला सव्वा ते दीड तास लागतो. थाई भाषेत धबधब्याला ‘नाम तोक’ म्हणतात. ‘नाम’ म्हणजे पाणी आणि ‘तोक’ म्हणजे पडणे.

धबधब्याचे पाणी जवळच्याच एका झऱ्यातून येते. त्या झऱ्याचे नाव ‘नाम फु चेत सी’, म्हणजे सात रंगांचा झरा. स्वच्छ, निळसर पाण्यावर ऊन पडले की रंगांच्या छटा दिसतात, त्यावरून हे नाव पडले. वाहनतळापासून झऱ्यापर्यंत थोडेसे चालावे लागते. चढाईच्या घाईत बरेच जण तो न पाहताच परततात. पण धबधब्याचे सगळे गुपित या झऱ्याच्या पाण्यातच आहे.

दगड ‘चिकट’ कशामुळे होतो?

दगडाला हात लावला तर बोटांना काहीच चिकटत नाही. ‘चिकट’ हा शब्द पायाला मिळणाऱ्या पकडीसाठी वापरला जातो. ही पकड कशी तयार होते, ते टप्प्याटप्प्याने समजून घेता येते.

पावसाचे पाणी जंगलातल्या मातीत मुरते. झाडांच्या मुळांचे श्वसन आणि कुजणारा पालापाचोळा यांमुळे मातीत कार्बन डायऑक्साइड वायू भरपूर असतो. तो पाण्यात विरघळतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी खाली चुनखडकातून झिरपताना खडकातले कॅल्शियम कार्बोनेट विरघळवून सोबत घेते. झऱ्यातून बाहेर येणारे पाणी स्वच्छ दिसते, पण त्यात विरघळलेला क्षार असतो.

हे पाणी कड्यावरून उड्या घेत उतरते तेव्हा चांगलेच घुसळले जाते. सोड्याची बाटली हलवून उघडल्यावर वायू निसटतो, तसाच पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो. तो गेला की पाण्याला सगळा क्षार धरून ठेवता येत नाही. जास्तीचा क्षार बाहेर पडून दगडावर, मुळांवर, अडकलेल्या काटक्या आणि पानांवर पातळ पुटासारखा बसतो. जिथे पाणी अधिक फेसाळते, तिथे तो अधिक बसतो. म्हणून धबधब्याचा दगड वर्षागणिक झिजण्याऐवजी वाढत जातो. अशा साठ्याला भूशास्त्रात टूफा किंवा ट्रॅव्हर्टाइन म्हणतात.

घरातही हे पाहायला मिळते. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर किंवा कुकरच्या तळाशी पांढरट, खरखरीत थर बसतो, तोही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. घरी वायू पाणी तापल्यामुळे निघून जातो आणि धबधब्यात तो घुसळण्यामुळे जातो, एवढाच काय तो फरक. चुनखडकाच्या गुहांतले लवणस्तंभही याच क्रियेने तयार होतात.

मग पाय घसरत का नाही?

ओला दगड दोन कारणांनी निसरडा होतो. पहिले कारण शेवाळ आणि सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर. दुसरे कारण तळवा आणि दगड यांच्यामध्ये अडकलेला पाण्याचा पापुद्रा. गुळगुळीत दगडावर हा पापुद्रा तेलासारखे काम करतो.

बुआ तोंगवर दोन्ही कारणे दुबळी पडतात. शेवाळाचा थर माजण्याआधीच त्यावर क्षाराचे नवे पुट चढत राहते. शिवाय हे पुट सच्छिद्र आणि खडबडीत असते. पाऊल टेकले की खालचे पाणी छिद्रांतून आणि खाचांतून बाजूला सरकते आणि तळवा थेट दगडाला भिडतो. गाडीच्या टायरवरच्या खाचा पावसात जे काम करतात, तेच काम इथे दगडाचा पृष्ठभाग करतो.

ही पकड सगळीकडे सारखी नसते. प्रवाहाच्या कडेला, जिथे पाणी कमी घुसळते, तिथे पुट मंद गतीने बसते आणि शेवाळाला सवड मिळते. पाण्यात पडलेले ओंडके, उघडी मुळे आणि टप्प्यांवरच्या डबक्यांचा गाळाचा तळ हेही निसरडेच असतात. त्यामुळे इथला नियम आपल्या सवयीच्या उलटा आहे. पांढरट-पिवळसर, खडबडीत, पाणी खळाळणारी जागा पायाला चांगली आणि हिरवी किंवा काळपट, शांत, गुळगुळीत जागा टाळायची.

अर्ध्या दिवसाची सहल कशी असते?

सकाळच्या सहलीत साधारणपणे आठ-नऊच्या सुमारास हॉटेलवरून व्हॅनने नेतात आणि दुपारी परत आणतात. जाण्यायेण्याचे तीन तास धरले, तर धबधब्यावर दोन तास मिळतात आणि तेवढे पुरतात. रोजच्या साध्या बसने तिथे पोहोचणे अवघड असल्याने बहुतेक जण सहल घेतात, नाहीतर गाडी किंवा स्कूटर भाड्याने घेतात.

वाहनतळ धबधब्याच्या माथ्यावर आहे. त्यामुळे आधी बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरायचे आणि मग पाण्यातून वर चढायचे असा क्रम असतो. धबधबा एकसलग नाही. तो टप्प्याटप्प्यांनी उतरतो आणि मध्ये थांबायला सपाट जागा आहेत. सौम्य उताराचे टप्पे हात न टेकताही चढता येतात. जिथे चढ उभा होतो तिथे दोर बांधलेले आहेत. एक टप्पा चढायला काही मिनिटे लागतात. दमलेल्यांना प्रत्येक टप्प्यावरून पायऱ्यांकडे वळता येते. उतरताना पाण्यातून न येता पायऱ्यांनीच यावे, कारण उतरताना पुढचे पाऊल नीट दिसत नाही आणि शरीराचा भार पुढे झुकतो.

मार्गदर्शक नेमके काय करतो?

चढाई इतकी सोपी असताना मार्गदर्शक कशाला, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे पहिले काम चढाईआधीच होते. तो पाणी पाहतो. झऱ्याचे पाणी एरवी नितळ असते. ते गढूळ दिसले तर वरच्या डोंगरातले पावसाचे पाणी त्यात मिसळले आहे, असे समजायचे. अशा वेळी प्रवाहाचा जोर वाढतो, पायाखालचे दिसत नाही आणि पाण्याबरोबर काटक्या-ओंडके येतात. मग चढाई थांबवणे हाच योग्य निर्णय असतो. पैसे भरलेल्या गटाला ‘आज नाही’ असे सांगणारा मार्गदर्शक चांगला समजावा.

दुसरे काम वाट दाखवण्याचे. कुठला पट्टा पकड देतो आणि कुठे शेवाळ धरले आहे, हे रोज चढणाऱ्याला माहीत असते. तिसरे काम माणसांची मांडणी करण्याचे. एका दोरावर एका वेळी एकच जण, लहान मुलाच्या खालच्या बाजूला मोठा माणूस आणि वरचा माणूस बाजूला झाल्यावरच पुढचा, हे साधे नियम तो पाळायला लावतो.

जमैकात ओचो रिओस गावाजवळचा डन्स रिव्हर धबधबाही अशाच चुनखडकाच्या साठ्याचा आहे. सुमारे १८० मीटरचा हा पायऱ्या-पायऱ्यांचा धबधबा थेट कॅरिबियन समुद्राला मिळतो आणि लोक समुद्रकिनाऱ्यावरून वर चढतात. तिथे मार्गदर्शक पर्यटकांना एकमेकांचे हात धरायला लावून माणसांची साखळी करतात. साखळीत घाबरलेल्याला आधार मिळतो, पण एकाचा तोल गेला तर शेजाऱ्यालाही झटका बसतो. तिथे रबरी तळव्याचे, पाण्यात चालण्याचे बूट वापरतात, तर बुआ तोंगवर लोक अनवाणी चढतात. खडक एकाच जातीचा असला तरी प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी असते, म्हणून स्थानिक माणसाचे ऐकावे.

तयारी काय करावी?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तर थायलंडमधला कोरडा आणि थंड काळ सर्वांत सोयीचा. साधारण फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत शेते आणि जंगले जाळल्याने त्या भागात धुराचा त्रास होतो. मे ते ऑक्टोबर हा पावसाळा. धबधबा झऱ्यावर चालत असल्याने तो उन्हाळ्यातही वाहतो, पण पावसाळ्यात गढूळ पाण्याचा नियम लक्षात ठेवावा लागतो.

कपडे भिजतातच. पटकन वाळणारी अर्धी पँट आणि टी-शर्ट पुरेसे. साडी, ओढणी, लांब कुर्ता दोरात किंवा पायात अडकू शकतो. कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि टॉवेल सोबत असावा. कपडे बदलायची सोय माथ्यावर आहे. तळव्याला तेल किंवा लोशन लावू नये. त्याने पकड जाते आणि पाणीही खराब होते. मोबाइल गळ्यात अडकवायच्या जलरोधक पिशवीत ठेवावा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. गुडघ्याचे किंवा चक्कर येण्याचे दुखणे असलेल्यांनी पायऱ्यांवरून धबधबा पाहावा. मद्य घेऊन चढू नये. दगड खरखरीत असल्याने पडल्यास कातडी सोलवटते, त्यामुळे जखमेवर लावायचे औषध जवळ ठेवलेले बरे.

इतक्या पावलांनी धबधब्याचे नुकसान होते का?

क्षाराचे पुट नवे असताना ठिसूळ असते आणि सतत तुडवल्याने दबते किंवा तुटते. म्हणूनच अशी ठिकाणे सांभाळणाऱ्यांनी वेगवेगळे नियम केले आहेत. क्रोएशियातले प्लिटविसे सरोवरांचे उद्यान १९७९ पासून जागतिक वारसा आहे. तिथले धबधबे आणि सरोवरे अशाच साठ्यांनी घडली आहेत. तिथे लाकडी फळ्यांच्या वाटेवरूनच चालावे लागते आणि पोहण्यास बंदी आहे. तुर्कस्तानातल्या पामुक्कलेच्या पांढऱ्या पायऱ्यांवर एकेकाळी वरच्या बाजूला हॉटेले उभी राहिली होती. ती पुढे हटवण्यात आली आणि आता ठरलेल्या वाटेवरूनच, तेही अनवाणी, चालू देतात.

बुआ तोंगवर चढू देतात, कारण पाणी वाहते आहे तोवर नवे पुट बसत राहते. हे चक्र मात्र वरच्या जंगलावर अवलंबून आहे. झाडे गेली तर मातीतला कार्बन डायऑक्साइड घटतो, पाणी कमी मुरते आणि झऱ्यात क्षारही कमी येतो. ज्या दगडावर आज पाय ठरतो, त्याची पकड डोंगरावरच्या मातीत तयार होते. ती टिकवायला पर्यटकाच्या हाती दोन-तीन गोष्टी आहेत. दगडाचे तुकडे काढू नयेत, पाण्यात साबण वापरू नये आणि खाद्यपदार्थ धबधब्यापासून दूर ठेवावेत.

महाराष्ट्रातल्या धबधब्यांवर असे चढता येईल का?

नाही. सह्याद्रीतले धबधबे बेसॉल्टवरून, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या पाषाणावरून पडतात. त्या पाण्यात क्षाराचे पुट बसवण्याइतके कॅल्शियम कार्बोनेट नसते. पाऊस सुरू झाला की काही दिवसांत दगडावर शेवाळ धरते आणि वाहत्या पाण्याने घासलेला बेसॉल्ट मुळातच गुळगुळीत असतो. चुनखडक महाराष्ट्रातही आहे. चंद्रपूर-यवतमाळ पट्ट्यातले सिमेंट कारखाने त्यावरच चालतात. पण पर्यटक ज्या धबधब्यांवर गर्दी करतात, ते या खडकाचे नाहीत.

दुसरा फरक पाण्याचा आहे. बुआ तोंगला झऱ्याचे पाणी बारमाही, बऱ्यापैकी एकसारखे येते. सह्याद्रीतला धबधबा माथ्यावर पडणाऱ्या पावसावर चालतो आणि काही मिनिटांत फुगतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी अचानक वाढले आणि प्रवाहाच्या मधोमध उभे असलेल्यांना बाहेर पडता आले नाही. अशा जागी दगड कितीही खडबडीत असता, तरी उपयोग झाला नसता.

त्यामुळे थायलंडमध्ये धबधबा चढून आलेल्याने तो आत्मविश्वास तिथेच ठेवून यावा. पाय ठेवण्याआधी खडक कोणता आहे, पाणी कुठून येते आणि ते किती लवकर वाढू शकते, हे तीन प्रश्न विचारावेत. बुआ तोंगवर या तिन्हींची उत्तरे चढणाऱ्याच्या बाजूने आहेत. आपल्याकडच्या पावसाळी धबधब्यांवर ती तशी नसतात. तिथे धबधबा लांबूनच पाहावा.