कोहळ्यावरची पहिली सुरी

सुश्रुताच्या शिष्याच्या हाती प्रथम शस्त्र येई, ते कोहळ्यावर चालविण्यासाठी. संहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय या हस्ताभ्यासालाच वाहिलेला आहे. छेदन शिकावयाचे ते कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर. भेदन पाण्याने व चिखलाने भरलेल्या चामडी पिशवीवर. आणि सीवन जाड्याभरड्या व तलम वस्त्रांच्या, मऊ कातड्याच्या कडांवर. उदराची शस्त्रक्रिया करणाऱ्यास या निवडीतील शहाणपण चटकन उमगते. कलिंगडाची साल सुरीला अडविते, आणि आत शिरताच तो विरोध एकाएकी नाहीसा होतो. हात तेथेच थांबावा लागतो. पोटाची भिंतही अशीच, आणि तिच्या लगोलग आतडी.

शरीराचे अंतरंग पाहण्याची रीत शारीरस्थानात आहे. शवाच्या आतड्यांतील मळ काढून ते मुंज, दर्भ आदींनी वेष्टावे, पिंजऱ्यात घालून प्रवाहात ठेवावे आणि सात रात्रींनंतर वाळ्याच्या वा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंतचे सर्व अवयव डोळ्यांनी पाहावेत. हे काम किती किळसवाणे असेल, याची कल्पना करवत नाही. पण सुश्रुताने त्यातून सूट दिलेली नाही.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर चिकित्सास्थानाचा चौदावा अध्याय वाचावा. आतड्याचा मार्ग अडला असता नाभीखाली, मध्यरेषेच्या डावीकडे चार अंगुळे सोडून उदर उघडावे. चार अंगुळे आतडे बाहेर घेऊन तपासावे. अडकलेला खडा वा केस काढून, मध व तूप लावून ते जागच्या जागी ठेवावे आणि वरून शिवावे. आतडे फुटले असेल, तर छिद्राच्या कडांना काळ्या मुंग्यांकडून डसवावे आणि डसताच त्यांची धडे तोडून मुंडकी तशीच राहू द्यावीत. (आजच्या शस्त्रक्रियागृहातील स्टेपलरची येथे आठवण होतेच.) इतर काही शस्त्रकर्मांपूर्वी रुग्णास भोजन देण्यास सांगणारा सुश्रुत उदराच्या बाबतीत मात्र रुग्ण उपाशी हवा, असे बजावतो. आजच्या विद्यार्थ्यासही वॉर्डात पाऊल ठेवताच हेच शिकविले जाते.

पुढे पोथ्यांच्या नकला होत राहिल्या, पण शवाचा स्पर्श विटाळ मानणाऱ्या समाजात शवच्छेदन वैद्यांच्या शिक्षणातून लोपले. अध्याय मुखोद्गत असलेल्या वैद्याने उदर आतून कधी पाहिलेलेच नसे. ही तूट भरून काढण्यास पुढे सरसावणारा मनुष्य पोथी वाचणाऱ्यांपैकीच निघाला, ही गोष्ट मला या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. कलकत्त्याचे पंडित मधुसूदन गुप्त हे वैद्यकुळातले, संस्कृत कॉलेजात वैद्यक शिकविणारे. सुश्रुतसंहितेची त्यांनी संपादिलेली मुद्रित आवृत्ती 1835-36 मध्ये निघाली. 1835 सालीच तेथे मेडिकल कॉलेज स्थापन झाले आणि 1836 मध्ये त्याच पंडितांनी तेथे मानवी शवावर सुरी चालविली. त्या वेळी फोर्ट विल्यमवरून तोफांची सलामी झाली, असे सांगतात. तोफा झडल्या असोत वा नसोत, ज्या ग्रंथाची मुद्रिते त्यांनी तपासली, त्यातील आज्ञा त्यांनी स्वतःच्या हातांनी पाळली.

मात्र त्यांच्याजवळ नव्या वैद्यकाची पदवी नव्हती, आणि अध्यापकाच्या पात्रतेविषयी प्रश्न निघाला. तेव्हा 1840 साली, जेथे ते शिकवीत होते त्याच महाविद्यालयाच्या परीक्षेस पंडितजी बसले आणि उत्तीर्ण झाले.