डेम्लो

मंडळी, कागद-पेन घ्या. सलग नऊ एक लिहा आणि त्या संख्येला तिनेच गुणा. उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. नऊपर्यंत चढायचं, मग उतरायचं! जादू काही नाही. शाळेतल्या पद्धतीने एकेक घर सरकवत नऊ ओळी मांडल्या की मधल्या रकान्यात नऊ एक जमतात, दोन्ही टोकांना एकेकच. दहा एक घेतले की मधे हातचा येतो आणि शिडी मोडते: १२३४५६७९००९८७६५४३२१.

अशा संख्यांना 'डेम्लो' हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी दिलं. जी.आय.पी. रेल्वेच्या ज्या स्टेशनावर कल्पना सुचली, त्याचं ते नाव, आजचं डोंबिवली. जन्म डहाणूचा, १९०५चा. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. पदव्युत्तर पदवी नव्हती, आणि कित्येक गणितज्ञांना त्यांचं काम किरकोळ वाटायचं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा जगात नाव झालं. तोवर मास्तर निवृत्त होऊन तेरा वर्षं उलटली होती.

किरकोळ? आमच्या लोह्यातल्या पाचवीच्या पोरालाही पाटीवर पडताळता येईल असं गणित मला तरी किरकोळ वाटत नाही. असो. अकरा एकांचं काय होतं, ते करून कळवा.