एका बिटाची मींड

मागच्या आठवड्यात कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. अ‍ॅसिड हाऊस नावाच्या इलेक्ट्रॉनिक नाचगाण्याचा शोध म्हणे मुंबईत लागला, शिकागोच्या पाच वर्षं आधी. खाली तीन तिरंगे. पुष्पक विमान आणि गणपतीची प्लास्टिक सर्जरी ह्यांच्या रांगेत आता हेही आलं, म्हणून मी कपाळावर हात मारला. पण रेकॉर्ड शोधून ऐकली आणि गार पडलो. रेकॉर्ड खरी आहे, साल खरं आहे, आवाजही तोच आहे. तरीही फॉरवर्ड चुकीचा आहे असं माझं मत झालंय. का, ते सांगायला आधी एका यंत्राची गोष्ट सांगावी लागेल.

यंत्राचं नाव टीबी-३०३. जपानच्या रोलँड कंपनीत तादाओ किकुमोतो ह्या इंजिनियरनं ते बनवलं आणि १९८१ च्या शेवटी ते बाजारात आलं. टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बेस. कल्पना साधी होती. गिटार वाजवणाऱ्याला घरी सराव करायचाय, बेस गिटारवाला मित्र आलेला नाही, तर हा डबा साथ देईल. आपल्याकडे रियाजाला इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून ठेवतात ना, तसंच काहीसं.

कल्पना सपशेल आपटली. एक तर त्याचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता. आणि सूर भरायची पद्धत तर विचारूच नका. आधी एका मोडमध्ये नुसते सूर भरायचे, मग दुसऱ्या मोडमध्ये त्यांची लय भरायची, आणि दोन्हींचा मेळ तुमच्या डोक्यात! हा युजर इंटरफेस ज्यानं रिव्ह्यूमध्ये पास केला त्याला मला एकदा भेटायचंय. ऑरेंज ज्यूस ह्या स्कॉटिश बँडनं १९८३ मध्ये 'रिप इट अप' गाण्यात तो वापरला आणि ते गाणं ब्रिटनच्या टॉप टेनमध्ये गेलं, पण अशी उदाहरणं थोडीच. १९८४ मध्ये कंपनीनं उत्पादन बंद केलं. तोवर साधारण १०,००० नग बनले होते, आणि त्यातले बरेच जुन्या सामानाच्या दुकानात मातीमोल भावात जाऊन पडले.

आता आवाज कसा तयार होतो ते बघू. (इथे कोणी मित्र नेहमी पळून जातो. थांबा, सोपं आहे.) आत एकच ऑसिलेटर आहे. तो करवतीच्या दात्यांसारखी लहर देतो. ह्या लहरीत मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सगळ्या वरच्या कंप्रता भरलेल्या असतात, म्हणून नुसती ऐकली तर ती कर्कश लागते. पुढे फिल्टर आहे. एका ठरावीक कंप्रतेच्या वरचं सगळं तो कापतो. ही मर्यादा म्हणजे कटऑफ. आणि त्या मर्यादेच्या आसपासच्या कंप्रता मुद्दाम फुगवायची सोय म्हणजे रेझोनन्स.

मोरचंग आठवतोय? पट्टीचा मूळ सूर एकच असतो. वाजवणारा तोंडाची पोकळी लहानमोठी करतो आणि त्याच सुरातून 'ऑंय ऑंय' असे वेगवेगळे आवाज निघतात. ३०३ मध्ये ऑसिलेटर ही मोरचंगाची पट्टी आणि फिल्टर हे तोंड. रेझोनन्स वाढवून कटऑफचं बटन फिरवलं की यंत्र चक्क बोलायला, कुरकुरायला, किंचाळायला लागतं.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्लाइड. प्रत्येक सुरासोबत एक खूण ठेवता येते. खूण असली तर सूर न तुटता पुढच्या सुरावर घसरत जातो. म्हणजे मींडच! पण एका बिटाची. आहे किंवा नाही. घसरायला किती वेळ घ्यायचा तेही यंत्रानंच ठरवलेलं, कमीजास्त करायला बटन नाही.

ह्या एका बिटाचं मोल पहिल्यांदा ओळखणाऱ्यांत मुंबईचे चरणजीत सिंग होते. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत बेस गिटार आणि कीबोर्ड वाजवणारा हा माणूस. पडद्यावर नाव नाही, पण हात असंख्य गाण्यांत. सिंगापूरहून त्यांनी ३०३, सोबत टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर आणला. आणि १९८२ साली एचएमव्हीसाठी 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही रेकॉर्ड केली. भैरवी, ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस... असे दहा राग. खाली ८०८ चा ठेका, मध्ये ३०३ वर रागाच्या सुरांची धावती, घसरती साखळी आणि वर हातानं वाजवलेला ज्युपिटर. शुद्धतावाद्यांनी तोडीचा रिषभ ऐकून कानावर हात ठेवावेत, कारण यंत्राला बाराच स्वर येतात, श्रुती वगैरे काही नाही. पण मालकंस? मालकंस जबरदस्त आहे.

रेकॉर्ड कोणी घेतली नाही. चरणजीत सिंग पुन्हा आपल्या कामाला लागले.

तिकडे शिकागोत फ्यूचर नावाचं त्रिकूट होतं : डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे. त्यांनी सेकंडहँड ३०३ मिळवला. मेमरीत आधीपासून पडलेला एक पॅटर्न चालू झाला आणि पिअर नुसती बटनं फिरवत बसला. तेच सूर पुन्हा पुन्हा, बदलतोय तो फक्त फिल्टर. त्याची टेप म्युझिक बॉक्स क्लबात रॉन हार्डीनं लावली. असं सांगतात की पहिल्यांदा लोक नाचायचे थांबले, आणि त्याच रात्री चौथ्यांदा लावल्यावर वेडे झाले. १९८७ मध्ये ती 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' नावानं ट्रॅक्स कंपनीकडून निघाली. अकरा मिनिटांच्या वर चालते, आणि तिच्यात गुणगुणता येईल अशी चाल नाहीच.

माझा मुद्दा इथे आहे. चरणजीत सिंगांच्या रेकॉर्डमध्ये ३०३ साथीला आहे. गाणं रागात आहे, स्वरांत आहे. म्हणजे किकुमोतोंनी यंत्र ज्या कामासाठी बनवलं तेच काम त्यांनी त्याच्याकडून करून घेतलं, आणि माझ्या मते इतकं सुंदर कोणीच करून घेतलं नाही. शिकागोच्या पोरांनी उलटं केलं. साथ देणाऱ्यालाच मैफलीत मध्यभागी बसवलं आणि चाल काढून टाकली. कटऑफ कधी उघडायचा, कधी मिटायचा, हीच त्यांची बंदिश. त्यांनी मुंबईची रेकॉर्ड ऐकली होती असा काहीही पुरावा नाही. त्यामुळे 'शोध आम्ही लावला' म्हणणं म्हणजे शिकागोवर अन्याय, आणि खरं तर चरणजीत सिंगांवर जास्त. त्यांचं काम अ‍ॅसिड हाऊसचा पहिला खर्डा म्हणून ऐकलं की राग ऐकूच येत नाही, फक्त ३०३ ऐकू येतो.

असो. २००२ साली एडो बाऊमन ह्या डच संग्राहकाला दिल्लीच्या एका दुकानात ती जुनी रेकॉर्ड सापडली. पुढे त्यांनी चरणजीत सिंगांना मुंबईत गाठलं आणि २०१० मध्ये रेकॉर्ड पुन्हा काढली. सत्तरीच्या आसपासचे आजोबा युरोपातल्या पोरांसमोर राग वाजवायला गेले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत ते वारले. गंमत म्हणजे इतकी वर्षं जिला कुणी हात लावला नाही, तीच रेकॉर्ड आता परदेशातून मागवावी लागते.

रविवारी लॅपटॉपवर ३०३ ची नक्कल करणारं एक फुकट सॉफ्टवेअर टाकलं आणि मालकंसाचे पाच स्वर भरले. मध्यमावरून कोमल गंधारावर येताना स्लाइडची खूण लावली आणि कटऑफ हळूहळू उघडला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मिक्सर चालू राहिलाय का रे?"