ताप मलेरियाचाच कशावरून? नर्सना निदानाचा विचार असा शिकवतात

अहेरी तालुक्यात पावसाळ्यात तापाचा रुग्ण आला की पहिला संशय मलेरियाचा येतो. रॅपिड किटवर रेघ उमटली की निदान झालं, असं वाटतं. पण नर्सिंगच्या वरच्या वर्गात नेमकं इथेच न थांबायला शिकवावं लागतं.

निदानाचा विचार म्हणजे काय?

लक्षणं ऐकून शक्यतांची यादी करणं, त्यातली सर्वांत धोकादायक शक्यता आधी तपासणं आणि नवी माहिती मिळाली की मत बदलणं.

समजा, तीन वर्षांच्या मुलाला ताप आणि खोकला आहे. किट पॉझिटिव्ह आहे. पण श्वास मिनिटाला 52 आहेत. एक ते पाच वर्षांच्या मुलात 40 किंवा जास्त श्वास हे न्यूमोनियाचं लक्षण मानतात. म्हणजे मलेरियाच्या गोळ्या देऊन घरी पाठवणं जिवावर बेतू शकतं. शिवाय उपचारानंतरही काही किट कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येतात. मुलाला सिकलसेल असेल, तर साधा वाटणारा तापही तातडीचा ठरतो, कारण त्याची प्लीहा जंतुसंसर्ग नीट रोखू शकत नाही.

शिकवतात कसं?

केस एकदम सांगत नाहीत, तुकड्या-तुकड्यांनी उलगडतात. प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थिनीला विचारतात: आता काय वाटतं? कशावरून? हे नसेल तर दुसरं काय? शेवटी डॉक्टरांच्या निदानाशी ताळा करतात.

गडचिरोलीचा धडा

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1995 पासून 39 गावांत गावातल्याच महिलांना नवजात बाळांचे आजार ओळखायला शिकवलं. रडणं क्षीण होणं, दूध ओढणं कमी होणं अशा खुणांवरून त्या जंतुसंसर्ग ओळखत. 'लॅन्सेट'मध्ये 1999 साली आलेल्या अभ्यासानुसार, तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाले. नर्सला अशा खुणांमागचं कारणही कळावं लागतं.

आता महत्त्व का वाढलं?

2018 मध्ये आयुष्मान भारत योजना आली आणि उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊ लागले. त्यात नर्सिंग पदवीधरही असतात. अहेरीहून जिल्हा रुग्णालय शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. त्यामुळे रुग्णाला इथेच ठेवायचं की लगेच पुढे पाठवायचं, हा पहिला निर्णय अनेकदा त्यांच्याच हाती असतो.