जालक व्यवहारातील स्मृतिबचत

जालक व्यवहारातील स्मृतिबचत : संगणकांच्या जालकातून माहिती लहान लहान पुडक्यांच्या (पॅकेटांच्या) रूपाने वाहते. ही पुडकी हाताळणाऱ्या, परिचालन प्रणालीच्या गाभ्यातील (कर्नेलमधील) भागाला कमीत कमी स्मृती लागावी म्हणून योजिलेल्या उपायांना ही संज्ञा लावतात. गाभ्याने व्यापलेली स्मृती सामान्यतः दुय्यम संचयात हलविता येत नाही. त्यामुळे तेथील उधळपट्टीचा भार इतर सर्व कार्यक्रमांवर पडतो.

पाठविलेल्या माहितीची पोच येईपर्यंत प्रेषकाला तिची प्रत जपावी लागते. भूस्थिर उपग्रह सु. ३६,००० किमी. उंचीवर असल्याने संदेश जाऊन पोच येण्यास सु. अर्धा सेकंद लागतो. सेकंदाला १० लाख बिट वाहणाऱ्या अशा मार्गाचा पूर्ण उपयोग करावयाचा, तर एकाच जोडणीपायी सु. ६२,५०० बाइट अडकून पडतात. नांदेड, लातूर यांसारख्या जिल्ह्यांच्या ठिकाणांपर्यंत पोहोचण्यासाठी ‘निकनेट’ या शासकीय जालकाने १९८०–९० या दशकात उपग्रहाचाच आधार घेतला, हे लक्षात घेतल्यास या प्रश्नाचे व्यावहारिक महत्त्व कळते.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९८३ मध्ये प्रसृत केलेल्या ४·२ बीएसडी प्रणालीत ‘एमबफ’ नावाचे १२८ बाइटांचे कप्पे योजिले होते. लहान संदेश एका कप्प्यात मावे. मोठ्यासाठी कप्प्यांची साखळी अथवा मोठे गठ्ठे वापरीत. एकच गठ्ठा अनेकांनी वापरावा व वापरणाऱ्यांची संख्या मोजावी, या युक्तीने प्रती काढणे टळले. ६४ किलोबाइटांच्या पत्तामर्यादेत अडकलेल्या पीडीपी–११ यंत्रासाठी २·११ बीएसडीमध्ये जालकाचा भाग गाभ्याबाहेर, यंत्राच्या पर्यवेक्षी अवस्थेत चालविण्यात आला.

सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘पॅनिक्स’ या सेवासंस्थेवर अर्धवट जोडण्यांच्या खोट्या विनंत्यांचा भडिमार झाला. प्रत्येक विनंतीसाठी जागा राखून ठेवण्याची रीतच अशा वेळी घातक ठरते. विनंतीची नोंद न ठेवता आवश्यक माहिती उत्तराच्या क्रमांकातच गुंफावी आणि खरी पोच आल्यावरच जागा द्यावी, अशी तोड त्याच वर्षी डी. जे. बर्नस्टाइन व एरिक शेंक यांनी सुचविली. पुढे लिनक्स व फ्रीबीएसडी या प्रणालींत मिटत आलेल्या जोडणीसाठी पूर्ण नोंदीऐवजी आटोपशीर नोंद ठेवण्यात येऊ लागली.

बचतीलाही मर्यादा आहे. साठा फार लहान ठेवल्यास पुडकी गळतात व वेग घटतो. फार मोठा ठेवल्यास पुडकी रांगेत तिष्ठत राहून विलंब वाढतो. स्मृती स्वस्त झाली, तरी प्रश्न मिटलेला नाही. जोडणीमागे एक किलोबाइट वाचला, तर दहा लाख जोडण्यांमागे सु. एक गिगाबाइट वाचतो. आणि बेताच्या स्मृतीचे जुने यंत्रही जालकात टिकून राहू शकते.